नाक्यावरची माणसं गावी परत का जात नाहीत?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मी ठाण्यात समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हवामान बदलामुळे होणाऱ्या स्थलांतरावर प्रकल्प करायचा आहे. घरचे म्हणतात, मराठवाड्यातली माणसं बहात्तरच्या दुष्काळापासून इकडे येतातच आहेत, यात नवीन काय? या लोकांना 'हवामान निर्वासित' म्हणायचं का? आणि प्रकल्पासाठी नेमकं बघायचं काय?"

मी २४ वर्षं वीटभट्टी मजूर आणि नाका कामगारांसोबत, म्हणजे रोज सकाळी चौकात कामाची वाट बघत उभ्या राहणाऱ्या मजुरांसोबत, काम करते. आधी भिवंडी-शहापूर पट्ट्यात होते, आता नवी मुंबईत आहे. त्यामुळे माझं उत्तर पुस्तकापेक्षा नाक्यावरून जास्त येईल.

आधी घरच्यांचं म्हणणं घेऊ, कारण ते खोटं नाही. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना मार्च १९७० ची. नव्या शहराची आखणी चालू होती आणि १९७२ चा दुष्काळ पडला. जालना, परभणी, बीड, उस्मानाबादकडची कुटुंबं मुंबई-ठाण्याकडे निघाली. इथल्या दगडखाणींत, पायाखोदाईत, रस्त्यांवर त्यांना काम मिळालं. त्याच दुष्काळात रोजगार हमीची कामं राज्यभर निघाली आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. तुर्भ्यात आणि दिघ्यात आजही असे आजोबा भेटतात, जे सांगतात, "बहात्तरला आलो, तो इथलाच झालो." तेव्हा दुष्काळ पडला आणि माणूस शहरात आला, एवढंच तुमच्या प्रकल्पात असेल तर घरच्यांचा प्रश्न बरोबरच आहे. त्यात नवीन काही नाही.

नवीन आहे ते परतण्यात. मी काम सुरू केलं तेव्हा नाक्याचं वर्षाचं चक्र ठरलेलं असायचं. खरिपाचं आटोपून दिवाळीनंतर माणसं यायची, मेच्या अखेरीस हिशेब करून निघायची आणि मृगाच्या आधी गावात पोचायची. जूनच्या पहिल्या आठवड्यात नाका ओस पडायचा. ठेकेदार वैतागायचे, 'पेरणीला पळाले सगळे' म्हणायचे. आता जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जाऊन बघा. सकाळी साडेसातला कोपरखैरण्याच्या नाक्यावर उभं राहायला जागा नसते. हातात थापी, घमेलं, पाट्या घेऊन उभ्या असलेल्यांत जमीन असलेली माणसं असतात. पेरणीच्या दिवसांत पेरायची माणसं इथे उभी आहेत, याचा अर्थ लावणं हाच तुमचा प्रकल्प आहे असं मला वाटतं.

गेल्या जुलैत मंठा तालुक्यातली एक बाई भेटली. पाऊस कोसळत होता, त्या दिवशी काम मिळणार नव्हतं, म्हणून दुकानाच्या पत्र्याखाली आम्ही तासभर बोलत बसलो. तिच्या हातात सोयाबीन बियाण्याची पांढरी पिशवी होती. कंपनीचं नाव अर्धं पुसलेलं, तोंडाला नाडी ओवून तिनं ती हातात धरायची थैली केली होती. आत जेवणाचा डबा, एक जुनी साडी आणि प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं आधार कार्ड. मी पिशवीकडे बघत होते, ते तिच्या लक्षात आलं. "यातलंच पेरलं होतं ताई, दोनदा," ती म्हणाली. "पयलं मातीतच गेलं. दुसरं आलं चांगलं, तर काढायच्या टायमाला पाऊस. शेंगेतल्या शेंगेत मोड आले."

तिचं वर्ष नीट मांडून पाहू, कारण हवामान बदल म्हणजे काय ते त्यात सगळं आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्रीत जोरदार पाऊस झाला. कृषी खातं दरवर्षी सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. सल्ला बरोबर आहे, पण तो मागे-पुढे सरी पडत राहतील हे गृहीत धरून दिलेला आहे. आता तेवढा पाऊस एका रात्रीत पडतो, हिशेबानं वाफसा, म्हणजे पेरणीजोगा ओलावा, येतो, शेतकरी पेरतो आणि पुढचे वीस दिवस आभाळ कोरडं. बी उगवून करपतं. एकरी तीस किलो बियाणं, वर खत, ट्रॅक्टरचं भाडं. दुबार पेरणी म्हणजे हे सगळं दुसऱ्यांदा, तेही कृषी सेवा केंद्राच्या उधारीवर. मग ऑक्टोबरमध्ये, पीक उभं असताना पुन्हा पाऊस. वर्षाची बेरीज बघितली तर पाऊस 'सरासरीइतका' भरतो, त्यामुळे कागदावर दुष्काळही नसतो.

यामागचं शास्त्र फार अवघड नाही. हवा एक अंशाने तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते. अरबी समुद्र तापतो आहे, त्यामुळे बाष्प भरपूर आहे आणि ते येतं तेव्हा एकदम येतं. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, महाराष्ट्र त्यात आला, मोठ्या भागावर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्याच मराठवाड्यात नद्यांचं पाणी उभ्या पिकावरून गेलं, काठच्या जमिनींची माती खरवडून घेऊन गेलं. दुष्काळी भाग आणि पुराचा भाग अशी जुनी वाटणी आता मोडली आहे.

पण त्या बाईला घराबाहेर काढलं ते थेट पावसानं नाही. तिला मी विचारलं, "निघायचं कधी ठरलं?" तिनं पिकाचं नाव घेतलं नाही. "फायनान्सवाल्यांचा हप्ता आठवड्याला असतो," ती म्हणाली. बायकांचा गट करून जे कर्ज देतात, त्याचा हप्ता दर आठवड्याला जातो. पीक वर्षातून एकदा येतं. पीक येईल या भरवशावर घेतलेलं कर्ज पीक गेल्यावर थांबत नाही, आणि आठवड्याला रोख पैसा मिळेल अशी जागा गावात उरलेली नसते. म्हणून पुढच्या वर्षी तिनं रान दिराला बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर कसायला, दिलं आणि नवऱ्यासोबत जूनमध्येच इकडे आली. मूल सासूकडे ठेवलं. हवामानाचा फटका माणसापर्यंत बहुतेक वेळा कर्जाच्या वाटेनं पोचतो. तुमच्या प्रश्नावलीत पावसाचे दहा प्रश्न असतील आणि कर्जाचा एकच, तर हाताला काही लागणार नाही.

इथे एक गोष्ट जरा सावकाश सांगते, कारण बहुतेक अहवालांत ती एका ओळीत उरकलेली असते. स्थलांतराला पैसा लागतो. एसटीचं भाडं, खोलीचं डिपॉझिट, काम लागेपर्यंतचं पंधरा दिवसांचं खाणं. हे ज्याच्याकडे आहे किंवा ज्याचा भाऊबंद आधीपासून इथे आहे, तो नाक्यावर येतो. ज्याच्याकडे एवढंही नाही, तो उचल घेतो, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे. ऊसतोडीला मुकादमाकडून, वीटभट्टीला मालकाकडून. त्यात नवरा-बायकोला मिळून मजुरीच्या हिशेबात एक कोयता किंवा एक जोडी धरतात आणि हंगाम संपेपर्यंत ती उचल फिटायची असते. म्हणजे अधिक गरीब माणूस अधिक बांधलेल्या कामात जातो. आणि ज्याला उचलही कुणी देत नाही, म्हणजे म्हातारी माणसं, आजारी, एकटी बाई, ती गावातच राहतात. २०११ च्या ब्रिटनमधल्या 'फोरसाइट' अहवालाने अशांसाठी अडकलेली लोकसंख्या असा शब्द वापरला. नाक्यावर माणसं मोजून हवामानाचा फटका किती बसला ते ठरवू नका. सगळ्यात मोठा फटका बसलेली माणसं तुम्हाला नाक्यावर दिसणारच नाहीत.

वीटभट्टीचं उदाहरण तर ठाणे जिल्ह्यातलंच आहे आणि तुम्ही एका दिवसात जाऊन पाहून येऊ शकता. भिवंडी, शहापूर, मुरबाडकडच्या भट्ट्यांवर कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर येतात. मजुरी हजार विटांमागे ठरते, आठवड्याला खर्ची, म्हणजे खाण्यापुरते पैसे, मिळते, बाकी हिशेब पावसाळ्याच्या तोंडावर. आता हिवाळ्यात, उन्हाळ्यात अवकाळी पाऊस आला की थापून वाळत घातलेल्या कच्च्या विटा विरघळून जातात. एका भट्टीवर मी सकाळी पोचले तेव्हा आदल्या दिवशीपर्यंत ओळीत मांडलेल्या विटांचा चिखलाचा एक सपाट थर झाला होता. दोन लहान मुलं त्यात पाय रुतवत चालत होती आणि त्यांची आई त्यातून अख्ख्या राहिलेल्या विटा वेचत होती. ती थापणी मालकानं हिशेबात धरली नाही. वीट भट्टीत चढल्यावरच मोजायची, असं त्याचं म्हणणं. पुढचे चार दिवस जमीन ओली म्हणून काम बंद, खर्ची मात्र चालू, म्हणजे उचल वाढली. मेमध्ये हिशेब झाला तेव्हा त्या कुटुंबाकडे पैसे निघायच्या ऐवजी देणं निघालं, आणि पुढच्या हंगामाला त्याच भट्टीवर येणं भाग झालं. हवामान माणसाला एकदा घराबाहेर काढून थांबत नाही. जिथे तो पोचतो तिथेही ते त्याच्या मजुरीत हात घालतं.

आता 'हवामान निर्वासित' या शब्दाबद्दल. माझं मत स्पष्ट आहे: प्रकल्पात तो वापरू नका. १९५१ च्या निर्वासित करारात निर्वासित कोण, तर वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपायी छळाची भीती असल्याने आपला देश सोडून आलेला माणूस. त्यात समुद्र वाढला, पीक गेलं हे कारण नाही. किरिबाटी या बेटांच्या देशातल्या योआने तेतिओता या माणसानं न्यूझीलंडमध्ये याच कारणासाठी आश्रय मागितला होता. तो नाकारला गेला, त्याला परत पाठवलं गेलं. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेही त्याच्या बाजूनं निकाल दिला नाही. पण हवामानामुळे जीव धोक्यात येईल अशा ठिकाणी माणसाला परत पाठवणं हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरू शकतो, हे तत्त्व तिने मान्य केलं. हे सगळं महत्त्वाचं आहे. तरी ते देशाची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी आहे आणि मंठ्याहून कोपरखैरण्याला येणारी बाई जिल्ह्याची सीमा ओलांडते.

आणि तिथेच आपल्याकडची अडचण आहे. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा दुसऱ्या राज्यातून ठेकेदारानं आणलेल्या कामगारांसाठी होता. राज्यातल्या राज्यात आलेला माणूस त्यात कधी बसलाच नाही. २०११ च्या जनगणनेत स्थलांतराची कारणं विचारली, त्यात काम, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतर हलणं, कुटुंबासोबत येणं आणि इतर एवढेच पर्याय होते. दुष्काळ-पुराचा रकाना नव्हता. त्या बाईला विचारलं असतं तर ती 'काम' म्हणाली असती आणि तेही खरंच ठरलं असतं. म्हणून 'महाराष्ट्रात हवामानामुळे इतकी माणसं विस्थापित झाली' असा आकडा कुणी छातीठोकपणे सांगितला तर तो कुठून आला हे आधी विचारा.

जगाचे आकडे वापराल तेव्हाही त्यात काय मोजलंय ते लिहा. जिनिव्हाच्या अंतर्गत विस्थापन निरीक्षण केंद्राने २०२४ मध्ये आपत्तींमुळे झालेली ४ कोटी ५८ लाख विस्थापनं नोंदली. ही विस्थापनाच्या घटनांची मोजणी आहे. एक कुटुंब पुरात दोनदा हललं तर ते दोनदा मोजलं जातं. आणि पेरणी फसत फसत पाच वर्षांत हळूहळू उठून आलेलं घर त्यात बहुधा येतच नाही. जागतिक बँकेच्या २०२१ च्या 'ग्राउंडस्वेल' अहवालात २०५० पर्यंत सहा प्रदेशांत मिळून २१ कोटी ६० लाख लोक आपापल्या देशातच हलू शकतील असं म्हटलं आहे, त्यात दक्षिण आशियाचा वाटा चार कोटींचा. वर्तमानपत्रं हा आकडा छापतात आणि पुढचं वाक्य गाळतात. वेळेत पावलं उचलली तर हे प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतं, असं त्याच अहवालात आहे. मला ते वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं.

ठाण्यात आहात तर खाडीकडेही पाठ फिरवू नका. खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधबंदिस्ती करून खारजमिनीत भात पिकवला. त्याच जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या, आणि मोबदल्यासाठी १९८४ मध्ये प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठं आंदोलन झालं. आज उरण-पेणकडे जिथे खारशेती शिल्लक आहे तिथे उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडते, खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची काही वर्षं भात येत नाही. मग तिथे कांदळवन उगवतं आणि ते उगवलं की कायद्यानं त्याला हात लावता येत नाही. शेतकरी गावातच राहतो, घर तेच, पण शेती गेल्यानं तो बंदराच्या गोदामात हमालीला किंवा गाडी चालवायला जातो. जागा न सोडता झालेलं हे विस्थापन आहे. मात्र इथे सगळं खापर समुद्राच्या पातळीवर फोडू नका. बांधाची दुरुस्ती वर्षानुवर्षं झाली नसेल, शेजारी भराव टाकून पाण्याची वाट बंद केली असेल, तर तेही लिहिलं पाहिजे. हवामानाच्या नावाखाली माणसांनी केलेल्या चुका झाकल्या जातात, हे मी खूप वेळा पाहिलं आहे.

रायगडमधलं इर्शाळवाडीही तुम्हाला जवळ आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ताच राहिले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. वाचलेल्यांना आधी चौकजवळ कंटेनरच्या घरांत ठेवलं, नंतर सिडकोनं पक्की घरं बांधून दिली. अशा आपत्तीत निदान यादी होते, पुनर्वसन होतं. पंधराव्या वित्त आयोगानेही नदी-समुद्राच्या धुपीमुळे विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी एक हजार कोटी रुपये वेगळे काढले होते. दुबार पेरणीत बुडालेल्या घरासाठी अशी यादी कुणी करत नाही, कारण ते घर कोसळत नाही, कुलूप लागतं.

तो माणूस इथे येऊन राहतो कुठे, तेही बघा. भाडं जिथे परवडतं तिथे, म्हणजे पारसिकच्या डोंगरउतारावर, नाल्याच्या काठाला, पत्र्याच्या खोलीत. जुलै २०२१ मध्ये कळव्याच्या घोलाईनगरात दरड घरावर कोसळून एकाच कुटुंबातली माणसं गेली. उन्हाळ्यात पत्र्याखाली रात्रभर झोप लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी उन्हात स्लॅब भरायचा असतो. एका धोक्यातून उठून माणूस दुसऱ्या धोक्याच्या तोंडाशी येऊन बसतो. महापालिका दर पावसाळ्यापूर्वी घरं खाली करण्याच्या नोटिसा लावते, पण भाडेकरूला त्या नोटिशीनं जायला दुसरी जागा मिळत नाही.

इथे काय करता येतं, हेही तुम्ही कधीतरी विचाराल म्हणून सांगून ठेवते. सगळ्यात आधी कागद. गावचं रेशन कार्ड इथल्या दुकानात अंगठा लावून चालतं, हे अर्ध्याहून जास्त लोकांना माहीत नसतं आणि काही दुकानदार सांगत नाहीत. सोबत जाऊन एकदा धान्य उचलून दिलं की पुढे ते स्वतः जातात. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावरच्या माणसाला रोज नवा ठेकेदार, मग दाखला देणार कोण? आमची निम्मी दमछाक याच एका कागदापायी होते. मुलांच्या बाबतीत कायदा आपल्या बाजूनं आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि गावच्या शाळेकडून स्थलांतरित मुलांसाठीचं शिक्षण हमी कार्ड आणलं तर काम आणखी सोपं होतं. त्या मंठ्याच्या बाईनं मूल सासूकडे ठेवलं त्याचं कारण 'शाळा घेणार नाही' एवढंच होतं. ते खरं नाही, हे तिला सांगायला आम्हाला महिना उशीर झाला.

आता तुमची प्रश्नावली. 'तुम्ही हवामान बदलामुळे आलात का?' हा प्रश्न काढून टाका, त्याला कुणीही हो म्हणेल किंवा तोंडाकडे बघत राहील. त्याऐवजी मागची पाच वर्षं एकेक करून विचारा: कोणत्या नक्षत्रात पेरलं, किती वेळा पेरलं, पदरात काय पडलं, बी-खताची उधारी कुणाची होती, हप्ता आठवड्याचा की महिन्याचा. जमीन कुणाच्या नावावर आहे ते विचारा, कारण नुकसानभरपाई सातबाऱ्यावरच्या नावाला मिळते, बटईदाराला मिळत नाही. गावात मागे कोण राहिलं ते विचारा आणि जमलं तर त्यांच्याशी फोनवर बोला. बाईला वेगळं विचारा, नवऱ्यासमोर नको. कर्ज बऱ्याचदा तिच्या नावावर असतं आणि आकडा तिलाच पाठ असतो.

सकाळी साडेसातपर्यंत नाक्यावर पोचा. नऊनंतर थांबलेल्यांना त्या दिवशी काम मिळालेलं नसतं, तेव्हा त्यांच्याशी बोलायला बसाल तर चहा सांगून बसा. आणि जूनमध्ये जा, शक्यतो मृग लागल्यावरच्या आठवड्यात. जो माणूस म्हणेल, "जमीन आहे, पण यंदा पेरायला गेलो नाही," त्याच्यापाशी वही उघडा.